वर्षातल्या दहा-बारा प्रसंगांची सोय करा : शहरांच्या वाहतूक नियोजकांना खुले पत्र

शहरांची वाहतूक आणि नगररचना ठरवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या घरची कार विकून आता दोन वर्षे होऊन गेली. घरात आम्ही चौघे आहोत : मी, माझे पती, शाळेत जाणारी मुलगी आणि गुडघेदुखीमुळे सावकाश चालणाऱ्या माझ्या सासूबाई. गाडी विकताना आमच्या मनात कोणताही मोठा संकल्प नव्हता. ती जुनी झाली होती, दुरुस्तीचा खर्च वाढत चालला होता, आणि तिच्या जागी नवी घ्यायची की नाही हा प्रश्न समोर आला तेव्हा काही महिने गाडीविना राहून पाहू, एवढेच आम्ही ठरवले होते. ते काही महिने लांबत गेले आणि नवी गाडी घेण्याचा विषय मागे पडला. या काळात एक गोष्ट मला इतकी स्पष्ट दिसली आहे की ती तुमच्यापर्यंत पोहोचवणे मला माझे कर्तव्य वाटते, कारण तिच्यावरचा उपाय आमच्यापेक्षा तुमच्या हातात अधिक आहे.

गाडी नसताना रोजचा दिवस फारसा अडत नाही. अडतात ते वर्षातले दहा-बारा प्रसंग : रात्री उशिरा घरी परतायचे असते, घरातल्या कुणाला अचानक बरे वाटेनासे होते, मुसळधार पावसात म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे असते, एखादी अवजड वस्तू आणायची असते. बहुतेक कुटुंबे गाडी घेतात आणि टिकवतात ती याच प्रसंगांच्या धास्तीने, असे माझे मत झाले आहे. एकदा ती दारात उभी राहिली, विमा भरून झाला, हप्ते सुरू झाले, की पुढची प्रत्येक फेरी जवळजवळ फुकट वाटू लागते आणि मग पायी दहा मिनिटांवर असलेल्या ठिकाणीही माणूस तिच्यातूनच जातो. तुमच्या योजनांमध्ये सकाळ-संध्याकाळच्या गर्दीचा विचार बारकाईने केलेला असतो. त्या दहा-बारा प्रसंगांचा विचार मात्र क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच चांगली बससेवा असलेल्या भागांतही लोक गाडी सोडायला धजावत नाहीत.

प्रथम जे सोपे गेले ते थोडक्यात सांगते. बाजारहाट आठवड्यातून एकदा गाडी भरून करण्याऐवजी आम्ही दोन-तीन वेळा थोडा थोडा करू लागलो आणि चाकांची एक पिशवी घेतली. मुलगी वर्षभरात एकटीने बसने जाऊ-येऊ लागली आणि तिला सोडण्या-आणण्यात जाणारा आमचा वेळ वाचला. पहिल्या महिन्यांत खरी अडचण आली ती पैशाच्या बाबतीत, आणि तीही पैसा वाचत असताना. गाडीचा खर्च हप्ता, विमा, दुरुस्ती अशा मोठ्या तुकड्यांनी जातो, त्यामुळे एका फेरीला किती पडले हे कधी जाणवत नाही. टॅक्सीचे भाडे मात्र दर वेळी हातातून सुटताना दिसते. सुट्टीच्या दिवशी गाडी काढताना ज्यांनी कधी हिशेब केला नव्हता तेच आम्ही आता टॅक्सी बोलवावी की नाही यावर अर्धा तास चर्चा करत बसायचो. शेवटी गाडीवर दरमहा सरासरी किती खर्च होत होता ते जुन्या पावत्यांवरून काढले, तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला सुरुवात केली आणि प्रवासाचा सगळा खर्च त्यातूनच, मनाला टोचणी न लावता करायचा असे ठरवले. दरमहा त्यात काही ना काही शिल्लक उरते.

हा घरगुती उपाय तुम्हाला सांगण्याचे कारण असे की वार्षिक पास हेच काम शहराच्या पातळीवर करतो. पैसे एकदा भरून झाले की बसची पुढची प्रत्येक फेरीही गाडीच्या फेरीसारखीच मोकळी वाटते. व्हिएन्ना शहराने २०१२ मध्ये वार्षिक पास बराच स्वस्त केला आणि पुढे काही वर्षांतच तिथल्या वार्षिक पासधारकांची संख्या शहरात नोंदलेल्या मोटारगाड्यांपेक्षा जास्त झाली. अर्थात, पास स्वस्त केला आणि बस वेळेवर आली नाही, तर त्या पासाचा उपयोग नाही.

बसची वाट पाहण्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तुमच्या अहवालातले आकडे आणि थांब्यावरचा अनुभव यांच्यातली तफावत इथे सर्वांत मोठी आहे. समजा एका मार्गावर तासाला सहा फेऱ्या आहेत. त्या दर दहा मिनिटांनी नेमाने आल्या तर प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल. त्याच सहा बस दोन-दोनच्या जोडीने दर वीस मिनिटांनी आल्या, तर अहवालात फेऱ्या सहाच दिसतील, पण प्रवाशाची सरासरी प्रतीक्षा दुप्पट, म्हणजे दहा मिनिटांची होईल आणि ज्याची जोडी नुकतीच चुकली आहे त्याला वीस मिनिटे उभे राहावे लागेल. बस अशा जोडीने का येतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. जी बस थोडी मागे पडते तिला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसे भेटतात, ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते, तिच्या मागच्या बसला थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढे सरकत पहिलीला गाठते. चालक-वाहकांचा यात काही दोष नसतो.

लंडनमध्ये वारंवार धावणाऱ्या बसमार्गांची कामगिरी मोजताना प्रवाशाला वेळापत्रकाने धरलेल्या प्रतीक्षेपेक्षा किती जादा थांबावे लागले हे पाहिले जाते, आणि बस चालवणाऱ्या कंपन्यांचा मोबदलाही काही प्रमाणात त्यावर ठरतो. तुम्हीही किती फेऱ्या सुटल्या हे मोजण्याबरोबर माणूस किती वेळ उभा राहिला हे मोजावे, अशी माझी पहिली विनंती आहे. बसला रस्त्यावर स्वतःची मार्गिका देणे आणि तिकीट चढण्याआधी काढण्याची सोय करणे हे यावरचे जुने, सिद्ध झालेले उपाय आहेत. ब्राझीलमधल्या कुरिचिबा शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या आणि १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारले, ज्यांत शिरतानाच प्रवासी भाडे भरतो आणि बस आली की सर्व दारांतून एकदम चढतो. मार्गिका दिली तर मोटारींची जागा जाईल ही तक्रार तुमच्याकडे नक्की येईल. अमेरिकेतल्या शहर वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे नॅक्टोने, रस्त्यांच्या आराखड्यासाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे त्यानुसार एक मार्गिका खासगी मोटारींतून तासाला ६०० ते १,६०० माणसे नेते, आणि तीच मार्गिका बससाठी राखली तर ४,००० ते ८,००० माणसे नेऊ शकते. त्या तक्रारीला उत्तर म्हणून हे आकडे पुरेसे आहेत, असे मला वाटते.

आता रात्रीविषयी. गाडी विकल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी एका नातेवाइकाला रुग्णालयात भेटून परतत होते. शेवटची बस वेळापत्रकात होती, थांब्यावरच्या फलकावरही होती, आणि ती आलीच नाही. ती रद्द झाली आहे हे सांगणारे तिथे कुणी नव्हते. त्या थांब्यावर मी चाळीस मिनिटे उभी होते, दिवे अर्धे बंद होते, आणि माझ्याबरोबर उभी असलेली एक तरुण मुलगी घरी फोन करून कुणीतरी गाडी घेऊन या असे सांगत होती. त्या मुलीने पुढे स्वतःची गाडी घेतली असेल तर मी तिला दोष देणार नाही. त्या एका रात्रीने आमच्या घरात नव्या गाडीचा विषय पुन्हा निघाला आणि बरेच दिवस चालला. वर्षभर वेळेवर आलेल्या शेकडो बस त्या वेळी कुणाला आठवल्या नाहीत.

म्हणून शेवटच्या बसला बाकीच्या सर्व बसपेक्षा वेगळे वागवा, अशी कळकळीची विनंती आहे. दिवसा एक फेरी रद्द झाली तर पुढची असते, शेवटची रद्द झाली तर तिच्या मागे काहीच नसते. ती रद्द करण्याची वेळ आलीच, तर अडकलेल्या प्रवाशांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी सेवेने उचलावी आणि हे आश्वासन थांब्यावर लिहिलेले असावे. यात अवास्तव काही नाही. अमेरिकेतल्या अनेक महानगरांत गाडीऐवजी बस-रेल्वेने किंवा सामायिक वाहनाने कामाला जाणाऱ्यांसाठी हमखास घरपोच प्रवासाची योजना आहे. वॉशिंग्टन परिसरात ती १९९७ पासून चालू आहे. घरी आजारपण उद्भवले किंवा अचानक उशिरापर्यंत थांबावे लागले, तर वर्षातून ठरावीक वेळा टॅक्सीसारखे वाहन मोफत मिळते. अशा योजनांचा अनुभव असा आहे की नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडे लोक प्रत्यक्षात ती वापरतात, त्यामुळे खर्चही बेताचा राहतो. लोकांना बहुतेक वेळा त्या वाहनाची गरज पडत नाही, ते मिळेल याची खात्री असली की पुरते. दारात उभी असलेली गाडीही बहुतांश वेळ हेच काम करत असते.

रात्रीच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट आहे. कॅनडातल्या टोरांटो शहराने १९९१ मध्ये आणि माँट्रियलने १९९६ मध्ये अशी पद्धत सुरू केली की रात्री एकट्या प्रवास करणाऱ्या महिलेने सांगितल्यास चालकाने दोन थांब्यांच्या मधेही, तिच्या घराजवळ, तिला उतरवावे. यासाठी नवी बस लागत नाही, नवा रस्ता लागत नाही, एक आदेश आणि चालकांना थोडे प्रशिक्षण पुरते. आईवडील मुलीला रात्रीच्या शिकवणीला किंवा कामाला बसने पाठवतील की गाडी घेतील, याचा निर्णय पुष्कळदा या शेवटच्या तीनशे पावलांवर होतो.

सासूबाईंच्या चालण्याकडे मी गाडी असताना कधी नीट पाहिले नव्हते, कारण तेव्हा त्या दारात बसत आणि दारात उतरत. आता त्यांच्याबरोबर थांब्यापर्यंत जाताना रस्ता मला त्यांच्या गतीने दिसतो. त्या चौकात पाऊल टाकतात तेव्हा हिरवा दिवा असतो आणि अर्ध्यात पोहोचतात तोवर तो लाल झालेला असतो. पादचाऱ्यांच्या दिव्याची वेळ ठरवताना अनेक ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे गृहीत धरले जाते. ही निरोगी प्रौढ माणसाची चाल झाली. अमेरिकेच्या वाहतूक नियमावलीने २००९ मध्ये हा वेग सुमारे १.०७ मीटरवर आणला. सिंगापूरने त्याच वर्षी ज्येष्ठ नागरिकांनी आपले सवलतीचे कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवले की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहील अशी सोय करून पाहिली आणि नंतर ती शहरभर वाढवली. आमच्या सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ''चार सेकंद दिले असते तर मी एकटीच गेले असते.'' त्या चार सेकंदांसाठी घरातले एक माणूस त्यांच्याबरोबर जाते, किंवा टॅक्सी येते, किंवा त्या जाणे रद्द करतात. बाकाचेही तसेच आहे. थांबा चारशे मीटरवर असणे नकाशावर योग्य दिसते, पण वाटेत टेकायला एक बाक नसेल तर त्यांच्यासाठी तो थांबा नसल्यातच जमा आहे.

स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या छोट्या शहराने २०११ मध्ये रेल्वेच्या नकाशासारखा दिसणारा एक पायी चालण्याचा नकाशा काढला, ज्यात महत्त्वाच्या ठिकाणांमधले अंतर मिनिटांत दिले आहे. १९९९ पासून त्या शहराने मध्यवर्ती भागातून मोटारींची वाहतूक मोठ्या प्रमाणात हटवली आहे. मला तो नकाशा आवडतो, पण आमच्यासारख्यांचे पाहून त्यात एक भर घालावीशी वाटते : मिनिटांबरोबर त्यात बाक आणि सावलीही दाखवावी.

गाडी नसलेल्या बाईचा प्रवास घर ते कार्यालय अशा सरळ रेषेत क्वचितच होतो. मी सकाळी मुलीला अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करते, औषधे घेते, मग कामाला जाते, येताना भाजी आणि सासूबाईंचा तपासणी अहवाल घेऊन येते. स्पॅनिश नियोजनतज्ज्ञ इनेस सांचेस दे मादारियागा यांनी अशा प्रवासाला 'काळजीचा प्रवास' असे नाव दिले, आणि वाहतुकीच्या पाहण्यांमध्ये तो तुकड्या-तुकड्यांत विखुरला जात असल्यामुळे त्याचा खरा आवाका दिसत नाही, हे दाखवून दिले. प्रत्येक बसला वेगळे तिकीट असेल तर या प्रवासाला जणू दंडच बसतो. ब्राझीलच्या साओ पाउलो शहराने २००४ मध्ये एकाच भाड्यात ठरावीक वेळेत अनेक बस बदलता येतील असे कार्ड आणले. वेळेवर आधारलेले तिकीट ही मागणी तुमच्या दृष्टीने लहान असेल, पण आमच्या घरात गाडीची सर्वांत जास्त आठवण याच तुटक प्रवासात येते.

अवजड सामान आणि दूरचा प्रवास यांसाठी काही वेळा खरोखरच कार लागते, आणि ते मान्य करण्यात मला संकोच नाही. फक्त त्यासाठी ती स्वतःच्या मालकीची असावी लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ मध्ये काही नागरिकांनी एकत्र येऊन सामायिक गाड्यांच्या दोन सहकारी संस्था सुरू केल्या. १९९७ मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन 'मोबिलिटी' ही संस्था झाली, आणि आज तिच्या गाड्या देशभरातल्या रेल्वे स्थानकांवर आणि वस्त्यांमध्ये तासाच्या हिशेबाने मिळतात. वाहनतळांचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी खासगी मोटार सुमारे ९५ टक्के वेळ उभीच असते याकडे लक्ष वेधले होते. तिच्या त्या उभे राहण्याला तुम्ही रस्त्याची जागा देता. त्यांपैकी प्रत्येक वस्तीत दोन जागा सामायिक गाडीसाठी कायमच्या राखून ठेवा. गाडी पायी पाच मिनिटांवर आणि ठरल्या जागी सापडली तरच तिच्यावर विसंबता येते, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. एका सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही आठवडाभर आधी नोंदवलेली गाडी ऐनवेळी मिळाली नाही आणि सगळा बेत मोडला.

नव्या इमारतींना ठरावीक संख्येने वाहनतळ बांधण्याची सक्ती हाही याच प्रश्नाचा भाग आहे. ज्याच्याकडे गाडी नाही तोही घराच्या किमतीत त्या जागेचे पैसे भरतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती शहरभर काढून टाकली आणि मेक्सिको सिटीने त्याच वर्षी किमान मर्यादेच्या जागी कमाल मर्यादा आणली. जपानमध्ये १९६२ पासून उलटा नियम आहे : गाडी ठेवायला रस्त्याबाहेर जागा आहे हे दाखवल्याशिवाय सर्वसाधारणपणे गाडीची नोंदणी होत नाही. तुमच्या शहराला यातले काय मानवेल हे तुम्ही ठरवावे. माझे म्हणणे एवढेच आहे की गाडी नसलेल्याने गाडी असलेल्याच्या जागेचा खर्च उचलू नये.

हे सगळे लिहिताना दोन गोष्टी मनात सतत आहेत. काही लोकांना गाडीवाचून पर्याय नाही. ज्यांचे शारीरिक अपंगत्व बसमध्ये चढू देत नाही, जे दूरच्या वस्तीत राहतात, जे रात्रपाळीला निघतात, त्यांच्यावर गाडी सोडण्याचा दबाव आणणारे कोणतेही धोरण मला मान्य नाही. रस्ते मोकळे झाले तर त्याचा पहिला लाभ त्यांनाच मिळावा. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. ज्यांच्याकडे कधीच गाडी नव्हती त्यांनी अर्धे आयुष्य याच थांब्यांवर, याच अर्धवट दिव्यांखाली काढले आहे. शेवटची बस न आल्याची त्यांची तक्रार कुणी ऐकून घेतली असती तर मला ती रात्र अनुभवावी लागली नसती. मी गाडीतून उतरून इथे आले आहे म्हणून माझे पत्र वाचले जाईल आणि त्यांचे म्हणणे राहून जाईल, असे कृपया होऊ देऊ नका. योजना आखण्याआधी थांब्यावर उभ्या असलेल्या माणसांना विचारा, आणि ते सकाळी दहाला न विचारता रात्री दहाला विचारा.

आमच्या शेजारच्या कुटुंबाची गाडी आता जुनी झाली आहे आणि ती विकून आमच्यासारखे राहून पाहावे का, असे त्यांनी मला मागच्या आठवड्यात विचारले. त्यांच्या घरी दोन लहान मुले आहेत आणि आजोबांना दम्याचा त्रास आहे. बाजारहाट, शाळा, कार्यालय यांविषयी मी त्यांना न अडखळता सांगू शकले. आजोबांना रात्री अकरा वाजता दम लागला तर काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी त्यांना थांबायला सांगितले आहे आणि हे पत्र लिहायला बसले आहे. रात्रीच्या हमीविषयी तुमचे लेखी उत्तर आले की ते मी त्यांना दाखवीन.

आपली नम्र,
दोन वर्षांपासून गाडीविना राहणारी एक नागरिक